पाऊस लागायच्या आधीची सुई

गेल्या जुलैचं आधी सांगतो, म्हणजे यंदा मी घरात सगळ्यांच्या मागं फ्लूच्या लशीसाठी सुई-सुई करत का फिरत होतो ते कळंल. 2024 चा जुलै, पंचगंगा चढायला लागलेली आणि आम्ही कोल्हापुरातल्या शुक्रवार पेठेतली माणसं, त्यामुळं त्या दिवसांत आमच्यात देवाच्या नावाआधी राजाराम बंधाऱ्याची पातळी घेतात. आबा उठले की पहिला प्रश्न, "किती फूट?" 39 ला इशारा, 43 ला धोका, हे आमच्या पोरीला पाढ्यांच्या आधी पाठ झालं. 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलेलं तेव्हा खालच्या खोलीतलं गव्हाचं पोतं, गाद्या, आईचं शिलाई मशीन सगळं गेलं, त्यामुळं आता 36-37 झालं की आम्ही कुणाची वाट बघत नाही, सामान माळ्यावर चढवायला घेतो.

तर असंच सामान वर चढवताना मला ताप आला. मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशेब बघतो मी, तिथं दोघं-तिघं आठवडाभर खोकत होतेच. अंग असं मोडून आलं की पापणीपण दुखायलीय असं वाटत होतं. पण व्हायरल म्हणलं की आपण काय करतो, डोलो घेतो आणि कामाला जातो. मी तेच केलं. दोन दिवसांनी पोरगी पडली, आणि ती बरी व्हायच्या आत आबा.

आबा 75 चे. शुगर आहे, बीपी आहे, पण तरुणपणी तालमीत घाम गाळलेला माणूस, त्यामुळं दुखतंय हा शब्द तोंडातनं निघत नाही. पहिले तीन दिवस मी शहाणपणानं मेडिकलमधनं अँटिबायोटिकची पट्टी आणून त्यांना दिली. ही चूक माझी, दुसऱ्या कुणाची नाही. फ्लू विषाणूनं होतो आणि अँटिबायोटिकनं विषाणूचं काही बिघडत नाही, हे शाळेतल्या पोराला विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं. चौथ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेलो तर आबांनी मला त्यांच्या थोरल्या भावाच्या नावानं हाक मारली. तो भाऊ जाऊन बारा वर्षं झाली. कोरोनात घेतलेलं बोटाला लावायचं मशीन कपाटातनं काढलं, ऑक्सिजनचा आकडा 88. बाहेर पाऊस, रिक्षावाला म्हणतोय पुढं पाणी आलंय फिरून जायला लागंल, असं करत दवाखान्यात पोचलो. न्यूमोनिया. स्वॅबमध्ये इन्फ्लुएंझा ए, म्हणजे फ्लूच. सहा दिवस ॲडमिट. फ्लूवरची ओसेल्टामिवीर म्हणून गोळी असते, ती लक्षणं दिसल्यापासून दोन दिवसांत सुरू झाली तर जास्त लागू पडते, आणि आम्ही चौथ्या दिवशी गेलेलो. मला कुणी ओरडलं नाही, पण मला कळलं.

डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरनी विचारलं, फ्लूची लस घेतली होती का. आबाच बोलले, "व्हय, तीन घेतल्यात की." ते कोरोनाचं बोलत होते. डॉक्टरांना हे रोजचंच असावं, त्यांनी नुसती मान हलवली आणि कागदावर खाली लिहिलं, दर वर्षी फ्लू लस, आणि त्याखाली एकदा न्यूमोनियाची लस. मग काय, नदी उतरली, चिखल काढला, गणपती आले, दसरा झाला, गुळाचा सीझन लागला, आणि तो कागद फाईलमध्ये गेला. आपल्याकडं पाऊस संपला की पावसातलं सगळंच विसरतंय माणूस.

यंदा मेमध्येच पाऊस कोसळायला लागला आणि माझ्या पोटात गोळा आला. नदीची भीती नाही, तापाची. फाईल काढली, कागद बघितला, आणि उठून मेडिकलला गेलो. कुठलं मेडिकल ते जाऊ दे. त्यानं फ्रीजमधनं फ्लूच्या लशीची डबी काढली, एक्स्पायरी दाखवली, जूनअखेर. "चालतंय की साहेब, महिना हाय अजून." मी हिशेबाचा माणूस, डबी हातात आली की बारीक अक्षरं वाचायची सवय. वर लिहिलेलं, एनएच 2024-25. हे एनएच काय ते त्याला विचारलं तर म्हणाला कंपनीचा कोड असंल.

कोड नाही ते. एनएच म्हणजे नॉर्दर्न हेमिस्फिअर, उत्तर गोलार्ध. आमच्या फॅमिली डॉक्टरांकडं गेलो तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं आणि मी रात्री जागून बाकीचं वाचलं. फ्लूचा विषाणू दर वर्षी थोडा थोडा वेश बदलतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेची माणसं वर्षातनं दोनदा बसतात आणि येणाऱ्या सीझनच्या लशीत कुठल्या जाती घालायच्या ते ठरवतात. फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी. ठरल्यापासून लस बनून बाजारात यायला सहाएक महिने जातात. उत्तरेचा माल त्यांच्या थंडीच्या आधी येतो, दक्षिणेचा आपल्या उन्हाळ्यात, कारण खाली ऑस्ट्रेलियात तेव्हा थंडी सुरू होणार असते.

आता नकाशात आपण उत्तर गोलार्धात. मग आपण उत्तरेची लस घ्यायची, ऑक्टोबरात, अमेरिकेतल्या भाच्यानं व्हॉट्सॲपवर सांगितली तशी? इथंच आपली गंमत आहे. श्रीनगरला फ्लू थंडीत जोर करतो, पण आपल्या भागात तो पावसाबरोबर येतो, जून-जुलैपासून सप्टेंबरपर्यंत, आणि मग जानेवारी-फेब्रुवारीत परत एक लहान लाट. म्हणजे नकाशात उत्तर, पण फ्लूचं कॅलेंडर दक्षिणेकडचं. ऑक्टोबरात लस घेतली तर तिचा जोर पुढच्या आषाढापर्यंत बराच ओसरलेला असतो, आणि लस टोचल्यावर अंगात ताकद तयार व्हायला दोनएक आठवडे लागतात, त्यामुळं शेजारच्यांना ताप आल्यावर धावत जाऊनपण उपयोग थोडाच. म्हणून आपल्याला दक्षिणेची, एसएच लिहिलेली डबी पाहिजे, आणि ती मे-जूनमध्ये पाहिजे. पेपरात बातमी कधी येते? पेशंट वाढले की, ऑगस्टमध्ये. तोवर बंधाऱ्यावरनं पाणी गेलेलं असतंय.

डॉक्टर म्हणाले आठ दिवस थांबा, नवा स्टॉक येतोय. आला. वटपौर्णिमेच्या आधीचा आठवडा होता. डबीवर एसएच 2025. दोन्ही डब्यांचे मी मोबाईलवर फोटो ठेवलेत, शेजारी शेजारी बघितलं तर लई भारी वाटतंय. लशीतल्या प्रत्येक जातीला ती सापडली त्या ठिकाणाचं नाव, मग नमुन्याचा नंबर, मग साल. जुन्या डबीवर व्हिक्टोरिया, थायलंड, ऑस्ट्रिया. नव्या डबीवर व्हिक्टोरिया, क्रोएशिया, ऑस्ट्रिया. म्हणजे एच3एन2 म्हणून फ्लूचा एक प्रकार आहे, त्यातला थायलंड बाहेर काढून क्रोएशिया घातला, बाकी दोघं तेच. त्यातला व्हिक्टोरिया 4897, साल 2022, हा त्या 2009 च्या स्वाइन फ्लूच्या कुळातला. त्या ऑगस्टमध्ये पुण्यात देशातला पहिला बळी गेला आणि सगळं पुणं तोंडाला रुमाल बांधून फिरत होतं, आपल्याकडंपण बांधलेले. तो स्वाइन फ्लू कुठं गेला नाही, आता तो दरवर्षीचा पाहुणा झालाय आणि त्याचं नाव लशीत पक्कं आहे. आधी चार जातींची लस यायची, त्यात चौथा फुकेत नावाचा, बी-यामागाता जातीतला असायचा. कोरोनात सगळं जग मास्क लावून घरात बसलं आणि ही जातच गायब झाली, मार्च 2020 नंतर ती खात्रीनं कुठं सापडलेली नाही. त्यामुळं आता चारची असली काय आणि तीनची असली काय, फरक नाही, चारच्या डबीला जादा पैसे मोजायच्या आधी एवढं लक्षात ठेवा.

हे सगळं मी आबांना वाचून दाखवलं. आबा शांतपणे ऐकून म्हणाले, "ऑस्ट्रिया, क्रोएशिया... आपल्या कोल्हापुरात काय जंतू संपलेत व्हय रं, भायेरनं आणायला लागलेत?"

खरी अडचण मात्र आबांची नव्हती, आईची होती. आई माळकरी. घरात तांबडा-पांढरा शिजतो पण तिची चूल वेगळी, भांडी वेगळी, आमच्या रविवारच्या पातेल्याला ती हातपण लावत नाही. आणि फ्लूची लस बहुतेक कोंबडीच्या अंड्यात वाढवतात. फलित अंड्यात विषाणू सोडतात, तो वाढला की काढून मारतात, धुवून गाळून घेतात, शेवटी अंड्याचा अंश राहिला तर अगदी किंचित. बायको म्हणाली, अहो नका सांगू, कशाला डोक्याला ताप. पण मला ते पटंना. पन्नास वर्षं पाळलेली माळ आहे, तिला न सांगता टोचायचं म्हणजे फसवल्यासारखं झालं असतं. सांगितलं. आई दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भजनातनं आली आणि पदर खोचत म्हणाली, "आमच्या भजनातल्या आक्कांनी गेल्या साली घेतलीय. माऊली काय डबी उघडून बघत न्हाई. कवा जायचं ते सांग." ह्यात माझं काही कर्तृत्व नाही. अंड्याची ॲलर्जी हा मुद्दा वेगळा, पूर्वी त्यावरनं लई घाबरवायचे, आता तसं राहिलेलं नाही, तरी असंल तर डॉक्टरांना आधी सांगायचं.

मग राहिले आबा. त्यांचं म्हणणं, एकदा होऊन गेलाय ना, आता कशाला. मी म्हणलं जात बदलते. मग म्हणाले, लस घेतली तरी होतोयच की लोकांना. ह्याला उत्तर द्यायला मला अवघड गेलं कारण ते खोटं नाही. लस आणि विषाणू नीट जुळले त्या वर्षी दवाखाना गाठायला लावणाऱ्या फ्लूचा धोका साधारण 40 ते 60 टक्के कमी होतो, आणि वय झालेल्यांत लस जरा कमीच चालते, अमेरिकेत 65 च्या वरच्यांना चौपट ताकदीची वेगळी देतात त्याचं कारण तेच. म्हणजे गॅरंटी नाही. पण झाला तरी आयसीयूपर्यंत जायची पाळी कमी येते. डॉक्टरांनी आणखी एक सांगितलेलं, कॅनडात 2018 ला एक अभ्यास छापून आला, फ्लू झाल्याचं कळल्यापासून पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकचा धोका सहापट दिसला. बीपीवाल्या माणसानं हे ऐकायला पाहिजे. आबांनी ऐकलं आणि पेपर वर केला.

शेवटी मी वैतागून बोललो, "आबा, 37 फूट झालं की तुम्ही गहू माळ्यावर का चढवता? पाणी दर वर्षी घरात येतंय का?"

पेपर खाली आला.

"येत न्हाई. पर चढवायलाच लागतंय."

"आणि 43 झाल्यावर चढवता येतंय का?"

"तवा तुझा बा उचलणार का पोती..." म्हणता म्हणता थांबले, कारण माझा बा तेच. हसले. "चल, पर रिक्षानं न्हाई, गाडीवरनं न्हे."

दवाखान्यात आम्ही पाच जण ओळीनं बसलो. नर्सनं फ्रीजमधनं सगळ्या सिरिंज काढून ट्रेमध्ये ठेवल्या, लगेच टोचल्या नाहीत, जरा गारवा जाऊ दे म्हणाली. लस 2 ते 8 डिग्रीत ठेवायला लागते, गोठली तर वाया, म्हणून घरच्या फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्याजवळ ठेवायचा शहाणपणा करू नका, घेतली तर त्याच दिवशी टोचून मोकळं व्हायचं. सिरिंज आधीच भरलेली, करंगळीएवढी, आत अर्धा मिली. हलवली की जरा दुधाळ दिसते.

आबांचा खमीस दंडापर्यंत वर जाईना. बाही गुंडाळता गुंडाळता काखेत अडकली, मग बटणं सोडून अख्खा हात बाहेर काढला. 75 वर्षांचा दंड, पण अजून गोळा दिसतोय. नर्स म्हणाली, आजोबा हात सैल सोडा. आबा म्हणाले, "सैलच हाय, तो तसाच हाय." खाली मनगटाच्या वर देवीच्या टोचणीचे दोन गोल व्रण, जुन्या चार आण्याएवढे, कडेला सुरकुतलेले. पोरीनं विचारलं हे काय. आबा म्हणाले, शाळेत टोचायचे, गोल फिरवायचं सुईचं यंत्र असायचं, आम्ही खिडकीतनं पळून जायचो, मास्तर धरून आणायचे. देवी गेली ती गेली, ते टोचणं बंद झालं, आणि पोरीच्या हातावर तो व्रण नाही म्हणून तिला वाईट वाटलं. तेवढ्यात सुई जाऊन आलीपण. आबांना कळलं नाही. "झालं? एवढंच?"

येताना गाडीवर मागनं बोलत होते. त्यांच्या आजीच्या तोंडी मानमोडी हा शब्द असायचा. मानमोडीत आमच्यातली चार माणसं एका पंधरवड्यात गेली, तिरडीला माणसं मिळंनात. आबांना वाटायचं मानमोडी म्हणजे काही भुताखेताचं. मी सांगितलं, आबा, ती हीच, 1918 चा फ्लू. जूनमध्ये मुंबई बंदरात उतरला आणि सप्टेंबरपासनं दुसरी लाट आली ती मारून गेली, देशात एक कोटीच्या वर माणसं गेली असा हिशेब लावतात. आबा गंगावेशीपर्यंत गप्पच होते.

नंतरचं सांगतो कारण लोक तेच विचारतात. माझा दंड दोन दिवस दुखला, हिशेबाची वही उचलताना कळायचं. पोरीला रात्री कणकण आली, सकाळी उतरली. आई-आबांना काही नाही. बायकोला दहाव्या दिवशी जबरी सर्दी झाली आणि समोरच्या काकी गॅलरीतनं म्हणाल्या, बघा, लशीनंच फ्लू झाला. काकींना हात जोडून सांगितलं, ह्यातला विषाणू मेलेला असतो, त्यानं फ्लू होऊ शकत नाही, आणि सर्दी करणारे दुसरे विषाणू ढिगानं आहेत, त्यांच्यावर ही लस नाहीच. काकींना पटलं नाही. त्यांचं वय 68, दमा आहे, आणि मला त्यांची काळजी वाटते, पण गॅलरी टू गॅलरी किती बोलणार.

पैसे. पाच जणांचे मिळून आठ हजारांच्या वर गेले. हलकं नाही हे, माझ्या पगारात तर नाहीच. आबांचं गेल्या वर्षीचं बिल आठवलं म्हणून हात धजावला. देशाच्या नेहमीच्या फुकट लसीकरणात फ्लू नाही. राज्यात मात्र गरोदर बायका आणि शुगर-बीपीवाले अशांना सरकारी दवाखान्यात फुकट द्यायची योजना 2015 पासून आहे, तिथं स्टॉक आलाय का ते जाऊन विचारायला लागतं, घरी कुणी सांगायला येत नाही. माझ्या चुलत बहिणीनं तशीच घेतली, सातवा महिना होता तिला. बाळाला सहा महिन्यांच्या आत ही लस देता येत नाही, आईच्या पोटातनं जे मिळंल तेच त्याचं. तिच्या थोरल्याला, चार वर्षांच्या, पहिल्यांदाच म्हणून दोन डोस लागले, चार आठवड्यांच्या अंतरानं. आठ वर्षांपर्यंत पहिल्या वर्षी तसंच असतं. आणि सगळ्यांचे जमत नसतील तर आधी म्हातारी माणसं, मग बाकीचे, असं मी करीन. ह्यावर आमच्या घरात भांडण झालंय कारण बायको म्हणते आधी पोर. पोरंच शाळेतनं घरी आणतात, हेपण तिचं बरोबर आहे. मिटलेलं नाही अजून.

आषाढात टेंबलाईची यात्रा झाली. पंचगंगेचं नवं पाणी कळशीत, पुढं पी-ढबाक वाजंत्री, गल्लीतली सगळी पोरं-बायका भिजत चाललेल्या, आबापण टेकडीपर्यंत चालले, घरी येऊन मटणावर आडवा हात मारला. त्या आठवड्यात आमच्या गल्लीत चार घरांत ताप होता. आमच्यात आला नाही, पुढं येणारच नाही असं म्हणत नाही, श्रावण-भादवा अजून जायचाय.

पण आबांचं आता वेगळंच सुरू झालंय. रोज सकाळी गंगावेशीत म्हशी बांधलेल्या असतात तिथं ते धारोष्ण दुधाचा पेला घेऊन उभे असतात, सगळे सत्तरीतले जुने गडी, आणि आबा प्रत्येकाला धरून सांगतायत, सुई घे, आणि घेताना डबीवर दक्षिण बघून घे, उत्तर असली तर परत दे. परवा मी दूध आणायला गेलेलो तर एक जण पेला खाली ठेवून माझ्याकडं वळला आणि काळजीनं म्हणाला, "आबांचं काय बिनसलंय का रं? आपली पेठ उत्तर मतदारसंघात, आणि हे दोन दिवस झालं दक्षिणेचा प्रचार करालेत."